दिव्यांच्या फटीतून तेजोमेघ

शहरातल्या गच्चीवरून आकाशाचे छायाचित्र घेणारे हौशी लोक कॅमेऱ्यापुढे फिल्टरची छोटीशी चकती बसवतात. तिचा माग काढत गेलो की आपण १८६४ सालच्या लंडनमध्ये पोहोचतो. टल्स हिल भागातल्या आपल्या खासगी वेधशाळेतून विल्यम हगिन्स यांनी २९ ऑगस्टच्या रात्री कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांचा असतो तसा अखंड रंगपट्टा तिथे नव्हता. होत्या त्या मोजक्या तेजस्वी रेषा. तेजोमेघ म्हणजे विरळ, तप्त वायू, हे त्यातून उमगले. त्यांतल्या हिरव्या रेषांचा धनी सापडेना, तेव्हा ‘नेब्युलियम’ हे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. ते टिकले १९२७ पर्यंत; त्या वर्षी आयरा बोवेन यांनी या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या असल्याचे दाखवले. ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची हिरवी आणि हायड्रोजनची ६५६.३ची लाल, या दोन रेषांवरच आजच्या फिल्टरची सारी मदार आहे.

बोवेन यांच्या काळापर्यंत शहरेही उजळू लागली होती. १९४३ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेतून वॉल्टर बाडे यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे करून टिपले, त्यात लाल प्रकाशाला संवेदनशील प्लेट्सइतकाच युद्धकाळात अंधारलेल्या शेजारच्या लॉस एंजेलिसचाही वाटा होता. युद्ध संपले, दिवे परतले. मात्र पाऱ्याचे आणि सोडियमचे दिवेही ठरावीक रेषांतच मुख्यतः प्रकाशत. पाऱ्याची ठळक रेषा ५४६ची, सोडियमची ५८९ची. तेजोमेघांच्या रेषा या दोहोंच्या अल्याड-पल्याड मोकळ्या राहिल्या. नेमकी तेवढीच फट उघडी ठेवण्याची कला जर्मनीत १९३९च्या सुमारास वॉल्टर गेफकेन यांनी साधली होती: काचेवर निर्वातात चढवलेले अतिपातळ थर हवी ती तरंगलांबी पुढे सोडतात आणि बाकीच्या परतवतात. पुढे हेच तंत्र हौशी निरीक्षकांच्या दुर्बिणींवर आले.

मग दिवाच बदलला. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी प्रखर निळा एलईडी साकारला आणि पुढे पांढरा एलईडी रस्त्यांवर उतरला. त्याचा वर्णपट सलग असल्यामुळे जुन्या, रुंद फटीच्या फिल्टरांचा उपयोग ओसरला. उत्तर म्हणून फट अरुंद होत गेली: सात नॅनोमीटर, तीन नॅनोमीटर. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने गरुड तेजोमेघातील स्तंभांचे चित्र गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेषांतून घडवले, तीच रीत आता शहरी गच्च्यांवरही रुळली आहे. दीर्घिकांपुढे मात्र ही चकती हतबल ठरते. त्यांचा प्रकाश म्हणजे असंख्य ताऱ्यांचा सलग वर्णपट. तो एलईडीच्या उजेडातून निवडून काढता येत नाही. त्यामुळे मृगातला तेजोमेघ मुंबईतूनही खुलवता येतो, पण देवयानीसाठी बाडे यांना लागला तसा अंधारच लागतो. २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळालेल्या पेंचच्या जंगलात तो अजून राखलेला आहे.