जुनी राजदूत घ्यावी का? खेड्यातल्या रस्त्यांवरच्या मोटारसायकलची पारख

मंठा, परतूर, घनसावंगी भागातील खेड्यांतून फिरताना एखाद्या गोठ्यात वा पडवीत गोणपाट टाकून ठेवलेली जुनी मोटारसायकल अजूनही दृष्टीस पडते. बहुतेक वेळा ती राजदूत असते, क्वचित येझदी. काही वर्षांपूर्वी अशा गाडीला भंगारवाल्याखेरीज कोणी विचारत नव्हते. आता जुन्या गाड्यांची हौस असणारे तरुण शोध घेत येतात आणि मालकही ‘विंटेज गाडी आहे’ म्हणून भाव सांगतो. ही किंमत देण्याजोगी आहे का, हे ठरवताना बहुतेकजण प्रथम किक मारून इंजिनाचा आवाज ऐकतात. वास्तविक इंजिन ही या गाडीतील सर्वांत सहज दुरुस्त होणारी वस्तू आहे. न दुरुस्त होणाऱ्या गोष्टी दोनच, कागदपत्रे आणि चेसिस. पाहणीची सुरुवात तेथूनच करावी.

आधी गाडीविषयी थोडे. राजदूत १७५ ही पोलंडमधील ‘एसएचएल एम-११’ या मोटारसायकलच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची वीजयंत्रणा असा तिचा साधा संसार. परदेशात डोंगरवाटा आणि कच्च्या रस्त्यांसाठी ‘ट्रेल’ नावाचा मोटारसायकलींचा वेगळा वर्ग आहे. यामाहाने १९६८ साली बाजारात आणलेल्या ‘डीटी-१’ने तो लोकप्रिय केला. आपल्याकडे या धर्तीच्या गाड्या फार उशिरा आल्या. हिरोची ‘इम्पल्स’ २०११ मध्ये आली, रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ २०१६ मध्ये. तोवर मराठवाड्यातील पाणंद रस्ते, गाडीवाटा आणि नदीपात्रे तुडवण्याचे काम राजदूतनेच केले. दुधाचे कॅन, खताची पोती, प्रसंगी कडब्याच्या पेंढ्याही तिने वाहिल्या. ती ट्रेलसाठी घडवलेली गाडी नव्हे. तिचे ब्रेक बेताचे आणि दिवे मंद आहेत. मात्र कमी वेगात ओढ चांगली आणि रचना इतकी सोपी, की गावातील मेकॅनिकलाही ती परकी वाटत नसे. आज ती घेणाऱ्याने हे गुणदोष दोन्ही जमेस धरावेत.

कागद आधी

‘विंटेज’ हा शब्द विक्रेते सैलपणे वापरतात. कायद्यात त्याला निश्चित अर्थ आहे. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहनच ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यासाठी २० हजार रुपये शुल्क असून नोंदणी दहा वर्षे चालते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु विंटेज नोंदणीचे वाहन नित्य वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांना मुभा आहे. तेव्हा १९८५ ची राजदूत या व्याख्येत अद्याप बसत नाही आणि १९७० ची बसत असली, तरी ती घेऊन शेतावर रोज जाण्याचा बेत असेल तर ही नोंदणी उपयोगाची नाही. सामान्य नोंदणीचे नूतनीकरण हाच बहुतेकांचा मार्ग.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. मोटारसायकलसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून एक हजार रुपये झाले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजारांवर गेले. मुदत उलटल्यावर विलंबाचे महिन्याला ३०० रुपये, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये होतात. राज्याचा पर्यावरण कर आणि विम्याचा हप्ता वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना राज्यात उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही सक्तीची झाली आहे. गोठ्यात बारा-पंधरा वर्षे पडून असलेल्या गाडीच्या बाबतीत हा सारा हिशेब गाडीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. म्हणून सौदा करण्यापूर्वी जालन्याच्या परिवहन कार्यालयात नोंदणी क्रमांक देऊन एकूण देणे किती, हे समजून घ्यावे. जुन्या गाड्या ठरावीक वयानंतर रस्त्यावरून हटवण्याचे निर्बंध दिल्ली परिसरासाठी आहेत; ते जालन्याला लागू नाहीत. एवढा एक धीर विक्रेता देतो, तो खरा आहे.

नोंदणी पुस्तक पाहताना क्रमांकाची मालिका बारकाईने पाहावी. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला आणि ‘एमएच २१’ ही मालिका १९८९ नंतरची. त्याआधीच्या गाड्यांवर ‘एम’ने सुरू होणारे तीन अक्षरी जुने क्रमांक असतात. १९७८ ची म्हणून सांगितलेली गाडी ‘एमएच २१’ क्रमांकाची असेल, तर ती नंतर येथे पुन्हा नोंदली गेली असली पाहिजे. तसा उल्लेख पुस्तकात असावयास हवा. जुन्या पुस्तकातील नोंद संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत चढलेली आहे की नाही, हेही विचारावे. चढलेली नसल्यास ते काम मूळ मालकाच्या नावे, त्याच्या सहकार्यानेच होते.

सर्वांत अधिक घोटाळा मालकीत असतो. पुस्तकावर आजोबांचे नाव, गाडी नातवाच्या ताब्यात आणि मधल्या पिढीत तीन भाऊ, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. मालक मरण पावला असेल तर वारसाने प्रथम फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावे करावयाची असते. इतर वारसांची संमती घ्यावी लागते. ते न करता नातू सरळ विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करीत असेल, तर ती सही निरुपयोगी आहे. पुस्तकावर बँकेचा वा सोसायटीचा बोजा चढलेला असल्यास कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. ज्या संस्थेने कर्ज दिले ती आज अस्तित्वात नसेल, तर हा एकच कागद वर्षभर हिंडवतो. गाडी अन्य जिल्ह्यातील असेल तर तेथील ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, विक्रेत्यानेच आणून द्यावा असे ठरवून घ्यावे.

यानंतर चेसिस क्रमांक. हँडलच्या खाली, चेसिसच्या मानेपाशी तो ठोकलेला असतो. इंजिन क्रमांक इंजिनाच्या कवचावर. दोन्ही पुस्तकाशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. धूळ-ऑइल पुसून क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की उमटतो. परिवहन कार्यालयही अशीच छाप मागते. क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा, अंकांची वाकडी रांग, वर जाड रंगाचा थर, यांपैकी काही आढळले तर बोलणी तेथेच थांबवावीत. इंजिन दुसऱ्या गाडीचे बसवलेले असले आणि तशी नोंद करून घेतलेली असली, तर हरकत नाही. नोंद नसली तर किंमत निम्मी समजून बोलावे.

चेसिस आणि चाके

जालन्याचे हवामान कोरडे असल्याने कोकणातील गाडीसारखा गंज येथे लागत नाही. येथील शत्रू वेगळा आहे. काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत, टूलबॉक्सच्या मागे, चेनकव्हरखाली साचतो, वाळतो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ओला होतो. वरून चकचकीत रंग दिलेल्या गाडीच्या या जागा खिळ्याने खरवडून पाहाव्यात. पत्रा भुसभुशीत लागला तर समजावे. मडगार्ड बदलता येते. चेसिसच्या नळीला आतून गंज असेल तर उपाय नाही.

दुसरा शत्रू ओझे. दुधाच्या कॅनसाठी लावलेल्या लोखंडी कॅरिअरने मागची चेसिस वाकते किंवा तडकते आणि गावात वेल्डिंग करून घेतलेली असते. सीटखालच्या व मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या जोडाची वेल्डिंग सरळ, एकसारखी आहे की गाठी-गाठींची, हे हात फिरवून कळते. मानेजवळ वेल्डिंग दिसल्यास गाडी कधी तरी समोरून आदळलेली आहे. ती घेऊ नये. चेसिस सरळ आहे का, हे पाहण्यास एक सुतळी पुरते. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून ती पुढच्या चाकापर्यंत ताणावी, दोन्ही बाजूंनी. पुढचे चाक सरळ असताना अंतरात स्पष्ट फरक पडला, तर चिमटा किंवा चेसिस वाकलेली आहे.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक आडवे हलवावे. खडखड आली तर चिमट्याचे बुश गेले. हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवताना मध्ये अडकल्यासारखे झाले, तर हँडलच्या गोळ्या बदलाव्या लागतील. हे खर्च किरकोळ आहेत. चाकाच्या ताराही स्पॅनरने वाजवून पाहाव्यात. ताणलेली तार किणकिणते, सैल तार बद्द वाजते. टायरच्या कडेवरील चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते. नक्षी शाबूत, पण टायर पंधरा वर्षांचा, अशी गाडी चालवत घरी नेऊ नये.

इंजिन

विक्रेत्याला आधीच सांगावे की गाडी आम्ही येण्यापूर्वी सुरू करू नका. गेल्यावर प्रथम सिलिंडरला हात लावून पाहावा. गरम असेल तर काही तरी लपवायचे आहे असे मानण्यास जागा आहे. थंड इंजिनावर किक हाताने दाबावी. ठरावीक ठिकाणी चांगला अडसर लागला पाहिजे. किक मोकळी खाली जात असेल, तर रिंग, पिस्टन, बोअर हे सारे झिजले आहे.

टू-स्ट्रोक गाडी सुरू होताना निळसर धूर सोडते. त्यात वावगे काही नाही. गरम झाल्यावर तो कमी व्हावा. दाट पांढरा धूर कमीच होत नसेल आणि गिअरबॉक्सचे ऑइल वरचेवर उतरते असे कळले, तर क्रँकचे गिअरकडील ऑइल सील फाटले असून इंजिन गिअर ऑइल पीत आहे. उलट, अॅक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन काही काळ भरधाव फिरत राहिले, तर मॅग्नेटोकडील सीलमधून हवा आत शिरते आहे. हा दोष अधिक घातक. हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडून पिस्टन जाम होण्यापर्यंत मजल जाते. मॅग्नेटोचे झाकण काढून चाक वर-खाली हलवून पाहावे. खेळ जाणवला तर क्रँकचे बेअरिंग गेले, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणे आले.

बोअर किती वेळा झाला आहे, हे जरूर विचारावे. दर वेळी पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसतो आणि त्याला मर्यादा असते. शेवटच्या मापापर्यंत पोहोचलेल्या सिलिंडरला लायनर बसवावा लागतो. ज्याच्याकडे गाडी दुरुस्तीला जात असे तो मेकॅनिक हयात असेल, तर त्याला भेटणे मालकाच्या शंभर शब्दांपेक्षा उपयोगी. गिअर निसटतो का, हे चढावर कळते. भोकरदन-जाफराबादकडील डोंगराचे फाटे त्यास योग्य. मात्र नोंदणी वा विमा संपलेली गाडी रस्त्यावर न काढता शेतात किंवा आवारातच फिरवावी.

वायरिंग कापलेले-जोडलेले असणारच. ते नवे करता येते. त्यावरून भाव पाडण्यापलीकडे फार विचार करू नये. टाकीत मात्र बॅटरीचा उजेड टाकून गंज पाहावा. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ पासून जवळपास सर्वत्र वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्या आणि कॉकचे वॉशर फुगवते. गाडी घेतल्यावर नळी, वॉशर व कार्बोरेटरचा रबरी संच बदलावा आणि महिनोन् महिने टाकी भरलेली ठेवू नये.

येझदी समोर आली तर हीच रीत. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०२२ मध्ये त्याच नावाने आलेल्या नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. त्यांचे सुटे भाग जुन्या येझदीला लागत नाहीत, विक्रेता काहीही म्हणो. किक आणि गिअरचा दांडा एकच असल्याने त्याचे दाते झिजले आहेत का, तेवढे अधिक पाहावे. १९८३ नंतरची राजदूत ३५० हा निराळाच प्रांत. तिला मागणी इतकी, की जुळवाजुळव केलेल्या गाड्या अस्सल म्हणून खपवल्या जातात. कच्च्या रस्त्याची गाडी म्हणून तिचा विचार करूच नये. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटाने गाजवलेली लहान चाकांची राजदूत जीटीएस ही तर निव्वळ हौसेची वस्तू.

भाव ठरवताना तळाचा आकडा जालन्याला शोधावा लागत नाही. भंगार वितळवून सळया करणारे कारखाने येथे आहेत आणि शंभर किलोंच्या थोड्या वर वजनाच्या गाडीला भंगारात काय मिळेल, हे कोणताही व्यापारी सांगतो. कागद नसलेल्या गाडीची किंमत तेवढीच, फार तर सुट्या भागांपुरती थोडी अधिक. भंगारात जाऊन नोंदणी रद्द झालेली गाडी सजवून परत विकायला आली असेल, तर तिला पुन्हा क्रमांक मिळत नाही. कागद शुद्ध असतील, तर विक्रेत्याच्या किमतीत नूतनीकरण, विलंब, कर, विमा, क्रमांकपट्टी आणि इंजिनाचे पूर्ण काम हे सर्व मिळवावे. इंजिन चालू असले तरी त्याच्या कामाचा खर्च धरावा. दीर्घकाळ पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकची सील पहिल्या उन्हाळ्यात दगा देतात. ही बेरीज तशाच, चालू स्थितीतील व कागद पूर्ण असलेल्या दुसऱ्या राजदूतच्या भावापेक्षा जास्त होत असेल, तर ती दुसरीच घ्यावी.

सौदा ठरला तरी सारी रक्कम एकदम देऊ नये. विसार देऊन पावती घ्यावी, उर्वरित रक्कम फॉर्म २९ व ३० वर मालकाच्या सह्या झाल्यावर आणि अर्ज परिवहन कार्यालयात दाखल झाल्यावर द्यावी. मूळ पुस्तक, ओळखपत्राच्या प्रती आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहिलेला कागद त्याच दिवशी घ्यावा. अपघात वा गुन्ह्याच्या प्रकरणात त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे त्यावरूनच ठरते.