खेळण्यांचा कॅटलॉग आणि सरळ रेषेचा मोह

‘पूर्वी मुलींना भातुकली आणि मुलांना गाड्या असायच्या, आता काळ बदललाय.’ हे वाक्य तुम्ही कितीदा तरी ऐकलं असेल. शोधप्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदातही ते बेधडक लिहिलं जातं. अमेरिकेतल्या खेळण्यांचा पुरावा मात्र वेगळंच सांगतो.

एलिझाबेथ स्वीट या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी सिअर्स कंपनीचे जुने कॅटलॉग तपासले. सिअर्स टपालाने माल विकायची, त्यामुळे तिचा जाडजूड कॅटलॉग खेडोपाडी पोचायचा. त्यातली खेळण्यांची पानं काढायची, कुठल्या जाहिरातीत मुलगा-मुलगी असा भेद थेट लिहिलाय किंवा निदान सुचवलाय, हे बघायचं आणि मोजायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याइतकंच कंटाळवाणं काम!

पण आकडे बघा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात साधारण निम्मी खेळणी अशी भेद करून विकली जात. १९७५ च्या कॅटलॉगमध्ये थेट ‘मुलांसाठी’ किंवा ‘मुलींसाठी’ असं म्हटलेली खेळणी २ टक्क्यांहूनही कमी, आणि जवळपास ७० टक्के खेळण्यांवर तशी कुठलीच खूण नाही. काही जाहिरातींत तर मुलगा स्वयंपाक करतोय आणि मुलगी बांधकाम. आणि १९९५ मध्ये? पुन्हा सुमारे निम्मी!

आता समजा, तुमच्या हाताला यातली दोनच वर्षं लागली. १९२५ आणि १९७५ घेतलीत तर ‘प्रगती झाली’, १९७५ आणि १९९५ घेतलीत तर ‘अधोगती’, १९२५ आणि १९९५ घेतलीत तर ‘काहीच बदललं नाही’. तीन निबंध, तिन्ही चुकीचे. दोन बिंदूंतून रेषा नेहमीच सरळ जाते, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं असतं.

हे चढउतार का झाले? सत्तरच्या दशकात स्त्रीमुक्ती चळवळ जोरात होती, नोकरी करणाऱ्या स्त्रिया वाढत होत्या. मग १९८४ मध्ये तिथल्या सरकारने मुलांच्या टीव्ही कार्यक्रमांवरची जाहिरातींची बंधनं काढली आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’सारख्या मालिका म्हणजे खेळण्यांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिरातीच झाल्या. शिवाय व्यापाऱ्याचा हिशोब सोपा असतो: बहिणीची गुलाबी सायकल भावाला चालत नाही, म्हणजे एका घरात दोन सायकली खपतात. ही कारणं पटण्यासारखी आहेत. पण काळ जुळला म्हणून कारण सिद्ध होत नाही, एवढं तुम्हाला सांगायला नको. कॅटलॉगमधून फक्त काय दाखवलं जात होतं ते कळतं, मुलं प्रत्यक्षात कशाशी खेळली ते नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो ‘निम्मी’ हा दोनदा आलेला आकडा. १९२५ मध्ये मुलीच्या हातात छोटा झाडू दिला होता, घरकामाची तयारी म्हणून. १९९५ पर्यंत झाडू मागे पडून राजकन्या आली होती, आणि मुलाकडे बांधकाम संचाऐवजी लढवय्या नायक. टक्केवारीत दोन्ही एकाच रकान्यात बसतात. तुम्ही असा तक्ता बनवाल तेव्हा ‘कोणासाठी’ या रकान्याशेजारी ‘कोण होण्यासाठी’ असाही एक ठेवा.