बांध कोणाचा, घाम कोणाचा?

सिंदखेड राजाच्या मोती तलावाशी जाधवरावांचे नाव जोडलेले आहे. त्याची माती डोक्यावरून वाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. इतिहास वाचावयास शिकलो तो मजुरांच्या हजेरीपटावरून. मृद्संधारणाचा इतिहासही आम्ही तसाच वाचतो.

मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. बुलढाणा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला. कायद्यामागील विचार साधा होता. पाणी सातबारा पाहून वाहत नाही. वरच्याने बांध घातला नाही, तर खालच्याची माती नाल्याला जाते. म्हणून साऱ्या शिवाराची योजना एकत्र करावयाची. हलक्या व मध्यम जमिनीत समपातळी बांध टिकले. भारी काळ्या जमिनीत मात्र पाणी तुंबे, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडत. तेथे जादा पाणी हळू बाहेर काढणारे ढाळीचे बांधच हवेत.

पुढे 1972 चा दुष्काळ आला आणि रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. तिचा कायदा 1977 साली झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. नालाबांध, पाझर तलाव झाले. शेतकऱ्याच्या रानाला ओल आणि मजुराच्या चुलीला जाळ एकाच कामातून मिळू लागला. तरीही मोजणी रखडली म्हणून थकलेल्या मजुरीसाठी आम्ही बायाबापड्यांबरोबर उन्हात बसलो आहोत. त्या बांधात पाणी आधी आले, मजुरी मागाहून!

2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना निघाली. 2018 साली भारतीय जैन संघटनेची यंत्रे जिल्ह्यातील तलावांत उतरली. तलाव-नाल्यांतील माती-मुरूम महामार्गाच्या भरावाला देऊन पाणीसाठा वाढविण्याची रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली. यंत्राशी आमचे वैर नाही; महिन्यांचे काम त्याने दिवसांत केले. परंतु गाळ स्वखर्चाने न्यावयाचा होता. ज्याच्या दारी ट्रॅक्टर, त्याच्या शेतात गाळ! 2023 साली लहान शेतकऱ्यांना गाळ वाहण्यासाठी अनुदान ठरले, हे योग्यच झाले. भूमिहीनाच्या वाट्याला त्यातून काय आले?

म्हणून आमचे सांगणे एवढेच. ग्रामसभेत जलसंधारणाचा आराखडा वाचला जाईल तेव्हा दोन प्रश्न विचारा: पाणी कोणाच्या विहिरीत मुरणार, आणि मजुरी कोणाच्या घरी जाणार? दोन्हींची उत्तरे गावासमोर मिळाली, तरच तो बांध साऱ्या गावाचा.