मुजद्दरा : एका गरीब पदार्थाचा लिखित आणि अलिखित इतिहास

काही पदार्थांची नावे ऐकताच तोंडाला पाणी सुटते. ‘मुजद्दरा’ हे नाव त्यांपैकी नव्हे. अरबीत ‘जुदरी’ म्हणजे देवीचा रोग आणि ‘मुजद्दर’ म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण राहिले आहेत असा. पांढऱ्या भातात विखुरलेले मसुराचे तपकिरी दाणे पाहून कोणा अनामिकाला वणांनी भरलेला चेहरा आठवला आणि ते नाव पदार्थाला कायमचे चिकटले. मराठी माणसाने त्या रोगालाच ‘देवी’ म्हणून हात जोडले. अरबी बोलणाऱ्याने त्याच्या खुणा ताटात पाहिल्या आणि ते ताट पुढे ओढले. भयाशी जुळवून घेण्याच्या भाषेच्या रीती किती निरनिराळ्या असू शकतात, याचा हा एक नमुना म्हणता येईल.

भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरील सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन, जॉर्डन या टापूला अरबीत ‘बिलाद अश-शाम’ आणि युरोपीय भाषांत ‘लेव्हान्ट’ म्हणतात. तेथील घराघरांत शिजणारा हा पदार्थ. अख्खे मसूर, तांदूळ किंवा बुलगुर, ऑलिव्हचे तेल, मीठ आणि भरपूर कांदा, एवढाच त्याचा ऐवज. अशा पदार्थाचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती, हा प्रश्न साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींना अगदीच परका नाही. जात्यावरच्या ओव्या कागदावर येण्यापूर्वी कित्येक पिढ्या गायिल्या गेल्या होत्या. कागदावरची तारीख ही त्यांच्या जन्माची तारीख नव्हे. मुजद्दराचेही तसेच आहे.

तिची पहिली लिखित पाककृती सापडते ती मात्र शामच्या नव्हे, बगदादच्या पुस्तकात. मुहम्मद बिन अल-हसन अल-बगदादी याने इ. स. १२२६ मध्ये ‘किताब अल-तबीख’ हा पाकग्रंथ सिद्ध केला. मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले ते १२५८ मध्ये. म्हणजे हा ग्रंथ त्या वैभवाच्या शेवटच्या काही दशकांतला. ग्रंथकर्ता जीवनातील सुखांचे सहा प्रकार सांगतो आणि त्यांत अन्नसुखाला सर्वश्रेष्ठ मानतो. हे पुस्तक १९३४ मध्ये मोसुल येथे छापले गेले आणि १९३९ मध्ये ए. जे. आरबेरी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्यातील मुजद्दरात तांदूळ आहे, मसूर आहे आणि मांसही आहे. बिनमांसाची मुजद्दरा हे मध्ययुगीन अरब जगात गरिबांचे खाणे होते, असे खाद्येतिहासकार सांगतात. पण ग्रंथात शिरताना तिला मांसाचा शेला पांघरावा लागला. यात नवल नाही. जे प्रत्येकाच्या आईला येते ते कोणी लिहून ठेवत नाही, आणि ज्यांच्या घरी ते रोज शिजते त्यांच्या हाती बहुधा लेखणी नसते. किंबहुना पाकग्रंथ ही संपन्नतेची दैनंदिनी असते. दारिद्र्याची नोंद इतरत्र, म्हणजे शब्दांत, म्हणींत, व्रतवैकल्यांत शोधावी लागते.

त्या ‘इतरत्र’मध्ये सर्वांत जुनी कथा बायबलमधली. ‘उत्पत्ती’च्या २५ व्या अध्यायात शिकारीहून थकूनभागून आलेला एसाव आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकट्या भावाला, याकोबाला, मसुराच्या तांबड्या कालवणाच्या बदल्यात देऊन टाकतो. लोकपरंपरेने मुजद्दराचे नाते या कालवणाशी जोडले आहे. येथे जपून चालावे लागते. कथेत भाकर आहे, मसूर आहेत. तांदळाचे किंवा कांद्याचे नाव नाही. म्हणजे हा पदार्थ तोच, असे म्हणता येत नाही. परंतु मसूर तोच आहे. हिब्रूतील ‘अदाशीम’ आणि अरबीतील ‘अदस’ ही एकाच कुळातील नावे, आणि या भूमीत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी जी पिके प्रथम माणसाच्या हाताखाली आली त्यांत गहू-बार्लीबरोबर मसूर होता. यहुदी परंपरेने या कथेला आणखी एक अर्थ दिला आहे. याकोब त्या दिवशी मसूर शिजवत होता तो आजोबा अब्राहाम वारल्याने शोकात असलेल्या आपल्या पित्यासाठी. मसूर गोल असतो, शोकही चाकासारखा फिरत फिरत प्रत्येकाच्या दारी येतो. म्हणून सुतकात मसूर. भुकेची कथा अशी दुःखाची कथा होते.

आमच्या एका सहकाऱ्यांनी आमच्याकडची मुजद्दरा चाखून एका घासात निकाल दिला होता : “ही तर आपली खिचडीच!” हा मोह समजण्यासारखा आहे, पण इतिहासाने त्याला आवर घालावा. इब्न बतूता १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि मूग-तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या ‘किश्री’ची त्याने नोंद केली. इजिप्तच्या ‘कोशरी’चे नावही बहुतेक अभ्यासक खिचडीशी जोडतात. परंतु मुजद्दराची लेखी नोंद बतूताच्या शंभरएक वर्षे आधीची, आणि तिचे नाव तिच्याच भाषेच्या धातूतून आलेले. डाळ आणि धान्य एका भांड्यात शिजवणे हे दोन प्रदेशांतील गरजवंतांना स्वतंत्रपणे सुचू शकते. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे, हे तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आपण सांगतोच. ते स्वयंपाकघरातही लागू पडते.

तांदूळ आणि बुलगुर यांच्यातले वैर हा या इतिहासाचा खरा सामाजिक गाभा. गहू उकडायचे, गच्चीवर उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मग भरडायचे, की बुलगुर तयार होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगाव हे काम चाले आणि वर्षाची बेगमी होई. आपल्या वाळवणाचीच ही बहीण. तांदूळ मात्र बहुतांशी बाहेरून, विशेषतः इजिप्तमधून येई. त्यामुळे तो शहराचा, पैशाचा, पाहुण्याचा. शामच्या बोलीत एक म्हण आहे : मान मिळाला भाताला, बुलगुराने लावून घेतला गळफास. प्रतिष्ठेच्या बाजारात हरलेल्या धान्याची इतकी बोचरी शोकांतिका आम्हांला इतरत्र आढळलेली नाही. तरीही दक्षिण लेबनॉनची ‘मुजद्दरा हमरा’, म्हणजे तांबडी मुजद्दरा, अजून बुलगुराचीच होते. तिच्यात कांदा करपण्याच्या उंबरठ्यापर्यंत तळून त्यावर पाणी ओततात आणि त्या गडद पाण्यात मसूर व बुलगुर शिजवतात. लेबनॉनमध्येच दुसरी एक गंमत आहे. मसूर-तांदूळ पार घोटून एकजीव केलेल्या प्रकाराला तेथे मुजद्दरा म्हणतात आणि दाणे सुटे राहिले तर ‘मुदर्दरा’. म्हणजे ज्या ताटात वण दिसतच नाहीत त्याचे नाव ‘वणांची’! रूपक झिजले, तरी नाव टिकले.

हे सारे वाचून झाल्यावर पदार्थ करून पाहणे ओघानेच आले. आमचा पहिला प्रयत्न फसला, कारण बुलगुराऐवजी आम्ही घरातला दलिया वापरला. दलिया कच्च्या गव्हाचा, बुलगुर उकडलेल्या गव्हाचा. पहिल्याचा लगदा झाला. पाठ्यभेद दुर्लक्षिल्याची शिक्षा, असे आम्ही मानले. पुढच्या खेपेस तांदूळ घेतला. वाटीभर अख्ख्या मसुराला वाटीभर तांदूळ आणि तीन मोठे कांदे. कांदे उभे पातळ चिरून तेलात मंद आचेवर अर्धा तास परतले. घाई करून चालत नाही. आधी ते पाणी सोडतात, मग मऊ पडतात, मग सोनेरी होतात आणि शेवटी गर्द तपकिरी. निम्मे कांदे बाजूला काढले. उरलेल्यांत अर्धवट शिजलेले मसूर त्यांच्या पाण्यासकट, भिजवलेले तांदूळ, मीठ आणि थोडी जिरेपूड घालून झाकण ठेवले. शिजल्यावर दहा मिनिटे तसेच राहू दिले आणि वरून काढून ठेवलेला कांदा पसरला. सोबत दही आणि काकडी-टोमॅटो. हळद, हिंग, गोडा मसाला यांच्याकडे हात सारखा जात होता, तो आवरला. खाताना उमगले ते असे, की फोडणीचे काम येथे कांदाच करतो, आणि अल-बगदादीच्या ग्रंथातून मांस वजा केले की जी पोकळी उरते तीही कांदाच भरतो. तो अलंकार नव्हे. गरिबाच्या हाती असलेली ती एकमेव चैन आहे.

‘गरिबांचे अन्न’ या शब्दांना मात्र दोन धारा आहेत. कैरोत १९३६ मध्ये जन्मलेल्या आणि मूळच्या सीरियन यहुदी घराण्यातील क्लॉडिया रोडेन यांनी १९६८ च्या आपल्या ‘अ बुक ऑफ मिडल ईस्टर्न फूड’ या ग्रंथात एका नातलग वडीलधाऱ्या बाईंची आठवण दिली आहे. पाहुण्यांपुढे मुजद्दरा ठेवताना त्या ‘गरिबांचे खाणे’ म्हणून क्षमा मागत. पाहुणे राजांची पक्वान्ने नाकारून हीच रोज मागत. १९५६ च्या सुएझ संकटानंतर इजिप्तमधील यहुदी कुटुंबे देशोधडीला लागली, आणि विखुरलेल्या आप्तांनी एकमेकांना देता येईल असा ऐवज म्हणून रोडेन यांनी या पाककृती जमवल्या. पूर्वेकडील ख्रिस्ती घरांत मुजद्दरा उपवासकाळात होते, मुसलमान घरांत एरवीच्या कोणत्याही दिवशी, सीरियन यहुद्यांत गुरुवारी रात्री. ज्या भूमीत वाटून घेण्यासारखे फार थोडे उरले आहे तेथे हे एक भांडे सर्वांचे आहे.

परंतु क्षमा मागण्याचा तो लटका विनय ज्याच्या घरी दुसरे काही शिजू शकते त्यालाच शोभतो. १९१५ च्या टोळधाडीनंतर, दोस्तांची सागरी नाकेबंदी, उस्मानी सैन्याची धान्यजप्ती आणि साठेबाजी यांच्या कात्रीत सापडून लेबनॉनच्या डोंगराळ मुलखात १९१८ पर्यंत माणसे मेली. मृतांचे अंदाज दोन लाखांपर्यंत जातात. त्यांच्याकडे बुलगुरही नव्हता. २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहर व परिसरात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सामुदायिक स्वयंपाकघरांपुढे पातेली घेऊन उभ्या असलेल्या मुलांच्या रांगा मसुराच्या पातळ सारासाठी होत्या. त्या मसुरात कांदा होता का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. साधेपणाचे गोडवे गाताना साधेपणा निवडलेला की लादलेला, हे विचारणे खाद्येतिहासाचेही कर्तव्य आहे आणि वाङ्मयाच्या इतिहासाचेही.

देवीच्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले. आज बैरुत किंवा नाब्लुसच्या स्वयंपाकघरात मसूर निवडणाऱ्या तरुण मुलीने वणांचा चेहरा बहुधा कधी पाहिलेलाच नसेल. तरी ती सहजपणे म्हणते, “आज मुजद्दरा.” रोग गेला आणि त्याची उपमा ताटात राहिली. भूकही अशीच एक दिवस केवळ शब्दात उरावी. तोवर या पदार्थाचा इतिहास पूर्ण झाला असे आम्हांला म्हणवत नाही.