सोलापूरचे तीन राजीनामे

मागच्या महिन्यात सोलापूरला गेलो होतो, तेव्हा एक शनिवार अक्कलकोट रोड एमआयडीसीत काढला. शाळेतल्या एका मित्राचा तिथे टॉवेलचा कारखाना आहे. लूम चालू असताना शेडमध्ये बोलता येत नाही, ओरडावं लागतं. त्यामुळे त्याने विचारलेला पहिलाच प्रश्न अख्ख्या शेडला ऐकू गेला.

"काय बे, नोकरी सोडूलालास म्हणे?"

बातमी आईकडूनच फुटली असणार. खरं म्हणजे अजून काहीच सोडलेलं नाही. पुण्यातल्या कंपनीत सहा वर्षं झाली, राजीनाम्याचा मेल चार महिन्यांपासून ड्राफ्ट्समध्ये पडून आहे, एवढंच. पुढे काय करायचं याचं उत्तर 'वाचायचं, लिहायचं, पुस्तकांचं काहीतरी करायचं' इतकं गोलमोल आहे. मित्राचा दुसरा प्रश्न मात्र अजिबात गोलमोल नव्हता. "मग खाणार काय?"

मी गप्प. त्याने चहा मागवला.

आता इंजिनिअर माणूस अडला की काय करतो? हाच एरर आधी कुणाला आला होता का, ते शोधतो. मीही तेच केलं. फक्त गूगलवर 'क्विट जॉब बिकम रायटर' शोधण्याऐवजी माझ्या गावाच्या इतिहासात शोधलं. गिरण्या, चादरी, टॉवेल, शेंगाचटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात आपला ठरलेला धंदा सोडून शब्दांच्या मागे गेलेली माणसं किती असतील? मला तीन सापडली. पहिला माणूस सगळ्यांना माहीत आहे, तिसरा आयटीवाल्यांना माहीत आहे. मधला जवळजवळ कुणालाच माहीत नाही, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानेच.

पहिले अर्थातच रामजोशी. पेशवाईच्या उत्तरार्धातला सोलापूरचा हा शाहीर. घर वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाचं, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगणारे, गावात मान. आणि धाकट्याचं लक्ष सगळं तमाशाच्या फडाकडे. शेवटी भावाने घराबाहेर काढलं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या हा राजीनामा नव्हेच, सरळ टर्मिनेशन! गोष्ट बहुतेकांना इथपर्यंतच माहीत असते. १९४७ साली आलेल्या 'लोकशाहीर रामजोशी' सिनेमामुळे तर ती घराघरात गेली.

पण त्यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरातून निघाल्यावर हा मुलगा थेट फडावर नाही गेला, पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला. कीर्तनं केली. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून लोकांपर्यंत नेण्याचं मोठं श्रेय त्यांना देतात. आणि लावणी लिहिली तेव्हा त्या लावणीत ते सगळं संस्कृत उतरलं. पंडिताच्या घरात जे कानावर पडलं आणि पंढरपुरात जे घोटलं, त्यातलं काहीच वाया गेलं नाही. पोटाचं काय? तर श्रोते होते, आश्रयदाते होते. लिहून सादर केलं की बिदागी मिळत होती. ती व्यवस्था पेशवाईबरोबर गेली. आज मी हलगी घेऊन हिंजवडीच्या सिग्नलवर उभा राहिलो तर बिदागी नाही, दंडाची पावती मिळेल.

असो. आता मधल्या माणसाकडे येतो.

गणिताच्या इतिहासाचं थोडं वेड असल्यामुळे 'गणितसारसंग्रह' हे नाव मला माहीत होतं. नवव्या शतकातले जैन गणिती महावीराचार्य यांचा हा ग्रंथ, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. आपल्याला अकरावीत एनसीआरचं सूत्र शिकवतात ना, एन वस्तूंमधून आर वस्तू निवडण्याचे प्रकार किती? ते सूत्र या ग्रंथात सर्वसाधारण रूपात दिलेलं आहे. त्याची एम. रंगाचार्यांनी केलेली इंग्रजी आवृत्ती १९१२ साली मद्रासहून निघाली. हिंदी भाषांतरासह जी आवृत्ती निघाली ती १९६३ची, लक्ष्मीचंद्र जैन यांची. तिच्या पहिल्या पानावर प्रकाशनाचं गाव छापलंय: सोलापूर.

मी दोनदा वाचलं. सोलापूर? आमचं?

प्रकाशक होता जैन संस्कृति संरक्षक संघ, आणि मालेचं नाव जीवराज जैन ग्रंथमाला. या मालेच्या पुस्तकांत सुरुवातीला संस्थेची कथा सांगणारा एक परिचय असतो. सरकारी वाटावा इतका कोरडा मजकूर, पण मी तो परत परत वाचला. कारण ती एका माणसाच्या राजीनाम्याची गोष्ट आहे.

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी हे सोलापूरचे सधन गृहस्थ. कित्येक वर्षांपासून मन संसारातून उठलेलं. १९४० साली त्यांना वाटलं, न्यायाने मिळवलेला आपला पैसा धर्माच्या आणि समाजाच्या कामी लागावा. आता इथे थांबून विचार करा. हातात पैसा आहे, इच्छा आहे, घाई करायला कुणाची ना नाही. आपण काय केलं असतं? एखादी इमारत बांधली असती, वर नाव कोरलं असतं, संपला विषय. दोशींनी काय केलं? देशभर फिरले. ठिकठिकाणच्या जैन विद्वानांना भेटून, काहींना पत्रं लिहून एकच प्रश्न विचारला, हा पैसा नेमक्या कोणत्या कामाला लावू? तोंडी मतं घेतली, लेखी मतं घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध रिक्वायरमेंट गॅदरिंग!

मग १९४१च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथ या तीर्थक्षेत्री त्यांनी विद्वानांना एकत्र बोलावलं आणि सगळ्या मतांवर विचार झाला. निष्कर्ष निघाला, जैन संस्कृती आणि साहित्य जपायचं, उजेडात आणायचं. त्यासाठी जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन झाला आणि दोशींनी ३०,००० रुपये दिले. सगळे नाही, ३०,०००. काम चालतंय, माणसं भेटतायत असं दिसल्यावर १९४४ साली त्यांनी आपली उरलेली जवळजवळ दोन लाखांची सगळी मालमत्ता ट्रस्ट करून संघाला देऊन टाकली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी समाधिमरण स्वीकारलं.

आणखी एक योगायोग सांगतो. सोलापुरातच जन्मलेले दुसरे एक दोशी, शेठ वालचंद हिराचंद, यांनी त्याच १९४० साली बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. एकाच गावातले दोन दोशी, एकाच वर्षी एक विमानांच्या मागे आणि एक पोथ्यांच्या मागे. पहिल्याचा धडा शाळेच्या पुस्तकात असू शकतो. दुसऱ्याचं नाव सोलापुरातल्या किती जणांनी ऐकलंय? मी स्वतः सत्ताविशी ओलांडेपर्यंत ऐकलं नव्हतं.

ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक 'तिलोयपण्णत्ती'. यतिवृषभ आचार्यांचा प्राकृत ग्रंथ, विश्वाची रचना आणि मापं सांगणारा, गणिताने भरलेला. पहिला भाग १९४३ साली निघाला, दुसरा १९५१ साली. १९४३ म्हणजे ऐन महायुद्ध, कागदाची बोंब. त्या वर्षी कुणाला प्राकृतातला विश्वरचनेचा ग्रंथ हवा होता? बाजाराला विचारलं असतं तर कुणालाच नाही. संपादक होते आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन. उपाध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक. हिरालाल जैन म्हणजे अमरावतीहून 'धवला' टीकेसह षट्खंडागमाचे खंड काढणारे संपादक. शतकानुशतकं मूडबिद्रीच्या भांडारात राहिलेला हा ग्रंथ १९३९पासून छापून येऊ लागला. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे सोलापूरच्या संघानेच काढल्या.

या 'धवले'त 'अर्धच्छेद' नावाची एक कल्पना आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. ३२ चा अर्धच्छेद ५. ओळखीचं वाटतंय? लॉग टू द बेस टू! बायनरी सर्चला किती पायऱ्या लागतील हे काढताना आपण रोज वापरतो ते हेच.

म्हणजे बघा. एक व्यवहारी माणूस आपला व्यवहार मिटवतो, कोल्हापूर आणि अमरावतीशी जोडलेले दोन प्राध्यापक वर्षानुवर्षं हस्तलिखितं ताडून बघतात, कुणी हिंदी भाषांतर करतं, कुणी प्रुफं तपासतं. आणि पुढे कधीतरी एका सॉफ्टवेअरवाल्याला कळतं की आपल्या गावाचं नाव एनसीआरच्या पुस्तकावर आहे. या सगळ्या साखळीत दोशींनी यातलं एकही पुस्तक स्वतः लिहिलं नाही. तरी त्यांचं उरलेलं आयुष्य पुस्तकांचंच होतं.

मला हेच आधी दिसलं नव्हतं. 'पुस्तकांचं काहीतरी' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मी, खिडकी, लॅपटॉप, कादंबरी. पुस्तकाच्या जगात लेखक हा एकच माणूस नसतो. संपादक, भाषांतरकार, पोथ्या शोधणारा, छापणारा, पैसे उभे करणारा, हे सगळे लागतात. आणि मराठीत ज्याची खरी ओरड आहे ती बहुतेक याच लोकांची आहे.

तिसरे अच्युत गोडबोले. यांची ओळख करून द्यायला नको. सोलापुरात वाढले, १९७२ साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले, मग तीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांत अगदी वरच्या खुर्चीपर्यंत. आणि मग ते सगळं सोडून पूर्णवेळ मराठी लेखन: 'किमयागार', 'अर्थात', 'मनात', 'गणिती', आत्मचरित्र 'मुसाफिर'. आमच्या ऑफिसात नोकरी सोडण्याच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी हमखास यांचं नाव घेतं. "बघ, त्यांनीपण सोडलीच की!"

सोडली, हे खरं. पण कधी? 'ऑपरेटिंग सिस्टिम्स' आणि 'डेटा कम्युनिकेशन्स अँड नेटवर्क्स' ही त्यांची पाठ्यपुस्तकं आठवतात का? ती नोकरीत असतानाच आलेली आहेत. लिहिण्याचा हात आधीच वळलेला होता. राजीनाम्याने लेखक तयार झाला नाही, लेखक आधीच होता, त्याला फक्त पूर्ण दिवस मिळाला.

आता जरा हिशेब. समजा, माझं पुस्तक निघालं. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत ३०० रुपये, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या प्रती खपल्या तरी हातात येणार ३०,००० रुपये. दोशींनी १९४१ साली दिले तेवढेच! आणि ते मला मिळणार २ ते ३ वर्षांत, खपल्या तर. मित्राचा 'खाणार काय' हा प्रश्न म्हणूनच कुत्सित नव्हता. तो धंदेवाल्या माणसाचा साधा प्रश्न होता. रामजोशींना बिदागी होती, दोशींकडे साठवलेली मालमत्ता होती, गोडबोल्यांमागे तीस वर्षांचं करिअर होतं. तिघांपैकी कुणीही पुस्तकाच्या विक्रीवर घर चालेल अशी आशा धरून निघालेलं नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे पैसेवाल्यांनीच पुस्तकांच्या मागे जावं का? हा प्रश्न मलाही छळतो. दोन लाखांची मालमत्ता नसलेल्याने काय करायचं? आणि तीस वर्षं थांबायचं म्हटलं तर थांबता थांबता हौसच मेली तर? ही भीती खरी आहे. सहा वर्षांत माझं वाचन निम्मं झालंय, म्हणजे अर्धच्छेद सुरू झालाच आहे म्हणायचा.

याचं थोडंफार उत्तर त्या शनिवारी शेडमध्येच मिळालं होतं, फक्त तेव्हा कळलं नाही. चहा पिताना मी एका लूमकडे बोट दाखवून विचारलं होतं, याला दोन बीम का? मित्र म्हणाला, "टॉवेलला दोनच लागतात बे. एक जमिनीचा, तो ताठ ठेवायचा. दुसरा लूपचा, तो ढिला सोडायचा. दोन्ही ताठ केले तर लूपच येत नाही, नुसतं कापड होतंय. आणि दोन्ही ढिले सोडले तर कापडच होत नाही."

मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. आणखी एक वर्ष तो तिथेच ठेवायचं ठरवलंय. मात्र शनिवार-रविवार आता कुणाला द्यायचे नाहीत. आणि दोशींसारखं आधी विचारत फिरायचं. पहिली दोन पत्रं गेल्या आठवड्यात टाकली, एक भाषांतर करणाऱ्या बाईंना आणि एक छोट्या प्रकाशकांना. प्रश्न एकच, तुमच्याकडे कोणत्या कामाला माणूस कमी पडतोय?

प्रकाशकांचं उत्तर आलंय. प्रुफं तपासायला माणूस नाही म्हणाले. पहिला गठ्ठा या शनिवारी येतोय.