एल साल्वादोरचा बिटकॉइन

एल साल्वादोरच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एल सोन्ते हे सर्फिंगवाल्यांमुळे थोडंफार नाव झालेलं गाव आहे. २०१९मध्ये एका निनावी दात्याने इथल्या सामाजिक कामासाठी बिटकॉइन दिले, पण अट घातली की ते विकून डॉलर करायचे नाहीत, गावातच फिरवायचे. किनारा साफ करणाऱ्या पोरांना मजुरी बिटकॉइनमध्ये मिळू लागली आणि त्याच पैशांत त्यांना पुपुसा, म्हणजे चीज किंवा घेवड्याचं सारण भरलेली मक्याची जाड भाकरी, विकत घेता येऊ लागली. करोनात पर्यटक आटले तेव्हा घरोघरी मदतही अशीच पोचली. बिटकॉइनवर गावाचा किराणा चालतो, असा जगभर गाजावाजा झाला. खरं तर चालत होतं ते दान. बाहेरून ओघ येत होता, म्हणून दुकानदार घेत होता.

राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी मात्र गावाचा हा प्रयोग देशाच्या गळ्यात बांधला. जून २०२१मध्ये कायदा झाला, ७ सप्टेंबरला लागू झाला आणि त्यातल्या सातव्या कलमाने व्यापाऱ्यांना बिटकॉइन घेणं बंधनकारक केलं. ‘चिवो’ हे सरकारी ॲप घेणाऱ्याला ३० डॉलर फुकट होते. पुढे १,८०० कुटुंबांची पाहणी झाली, तेव्हा दिसलं की बहुतेकांनी ते ३० डॉलर खर्चून ॲपकडे पाठ फिरवली. याचं खापर तंत्रज्ञानावर फोडता येत नाही. २०१७च्या अखेरीस एका व्यवहाराचं शुल्क २० डॉलरच्या घरात गेल्यावर ‘स्टीम’ या गेमविक्रेत्याने बिटकॉइन घेणं थांबवलं होतं, हे खरं. पण २०२१पर्यंत बिटकॉइनच्या छोट्या व्यवहारांसाठी उभारलेल्या ‘लायटनिंग’ जाळ्यामुळे तेच काम नगण्य खर्चात होऊ लागलं होतं. बँकेत खातं नसलेल्यांची सोय झाली, हा दावाही टिकत नाही: त्याच पाहणीत नियमित वापरणारे निघाले ते प्रामुख्याने तरुण, शिकलेले, खातेदार पुरुष. परदेशातल्या नातलगांकडून येणाऱ्या पैशांवर हा देश जगतो. त्यातही क्रिप्टोचा वाटा दोन टक्क्यांच्या आतच राहिला.

कारण साधं आहे. २००१पासून तिथल्या लोकांच्या खिशात डॉलरच आहे. पुपुसावालीला मोडक्या चलनाची अडचण नव्हतीच. उलट नोव्हेंबर २०२१मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १७,०००च्या खाली आला. चार पैशांच्या नफ्यावर जगणारी बाई हा झटका कशी सोसणार? भाव वाढेल अशी आशा असलेला माणूस तो खर्चत नाही, पडेल अशी भीती असलेला दुकानदार तो ठेवत नाही. बचत आणि चलन ही दोन्ही कामं एकाच नाण्याने होतील असं म्हणणारे ही ओढाताण विसरतात.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी १.४ अब्ज डॉलरच्या कर्जाचा करार ठरल्यावर, त्यातल्या अटीप्रमाणे, जानेवारी २०२५मध्ये संसदेने कायदा बदलून सक्ती काढून टाकली. तेव्हा सरकारी तिजोरीत ६,०००हून अधिक बिटकॉइन जमा होते.