समुद्रधुनीच्या दोन काठांवर गेन्जी

आवाज करू नका. शांघायच्या शानशी साउथ रोडवरच्या एका बोळातलं हे घर आहे, 1972 साल चालू आहे आणि बाहेर अजून फटफटलेलं नाही. जिना चढून वर या. खोलीला लागून एक काचेचा सज्जा आहे. दोन अंगांना खिडक्या, डोक्यावर छतातही काच. इथून सूर्य दिसतो, चंद्रही दिसतो, म्हणून या माडीचं नावच सूर्यचंद्र-माडी. सज्ज्यातली खाट इतकी आखूड की पाय पोटाशी घेऊनच झोपावं लागतं. खाटेशेजारी टेबल, आणि टेबलाशी सत्तरी ओलांडलेले फंग झिकाई. फुप्फुसांच्या दुखण्यानं शरीर खंगलं आहे, पण हात चालतो आहे. जपानीतून चिनीत.

या माणसाला एके काळी चीनमध्ये घरोघरी ओळखत. कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांत गुंडाळलेला बांबूचा पडदा, चंद्रकोर आणि माणसं उठून गेल्यावर मागे राहिलेले चहाचे पेले काढणारे ते चित्रकार. शांघायच्या चिनी चित्रकला अकादमीचे प्रमुख. 1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि सगळं उलटंपालटं झालं. 1962 मध्ये घरच्या मांजरीवर त्यांनी एक ललित लेख लिहिला होता. त्यातल्या 'मांजरकाका' या शब्दावरून, चिनीत मांजर आणि माओ यांचे उच्चार जवळचे म्हणून, त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं गेलं. 1969 मध्ये त्यांची रवानगी खेड्यात, शेतकामावर झाली. तिथे गवतावर झोपायचं. पुढच्या वर्षी आजारानं गाठलं म्हणून ते घरी परतू शकले. तेव्हापासून पहाटेचे हे तास त्यांचे स्वतःचे.

जरा वाकून कागद बघा. या काही वर्षांत याच टेबलावर त्यांनी तीन जुन्या जपानी कथा चिनीत आणल्या: बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची, इसेची आणि ओचिकुबोची. कुणी मागितलेल्या नाहीत. छापून येतील अशी चिन्हं नाहीत. ज्यांच्याकडे छापखाने आहेत त्यांच्या लेखी हा माणूस गुन्हेगार आहे. तरीही अक्षर नीट, ओळी सरळ. आणि याहून कितीतरी मोठं एक काम त्यांनी आधीच पुरं केलं आहे. ते बीजिंगच्या पीपल्स लिटरेचर प्रकाशनगृहात सात वर्षं पडून आहे. 'गेन्जी मोनोगातारी', अकराव्या शतकाच्या सुरुवातीची ती अफाट जपानी कादंबरी. चोपन्न प्रकरणं, 795 कविता, चिनी अक्षरं दहा लाखांच्या घरात.

आता त्यांचा हात धरून मागे चला. 1921, टोकियो. फंग तेवीस वर्षांचे आहेत आणि पैसे पुरतील तितकेच, म्हणजे जेमतेम दहा महिने, त्यांना इथे राहता येणार आहे. ग्रंथालयात ते गेन्जीची जुनी संहिता उघडतात आणि त्यांना ती कळत नाही. मग योसानो आकिको या कवयित्रीनं आधुनिक जपानीत केलेलं रूपांतर हाती येतं, आणि वाचता वाचता त्यांना 'लाल महालातील स्वप्न' या आपल्याच चिनी कादंबरीची आठवण येऊ लागते. तसंच मोठं घराणं, तशीच वाड्यात कोंडलेली मनं. पहिलं प्रकरण ते तोंडपाठ करून टाकतात.

आणखी एक ठिकाण तुम्हाला दाखवायलाच हवं, कारण ते टाळलं तर या माणसाचा मोठेपणा कळणार नाही. जानेवारी 1938, चजियांग प्रांतातलं शमनवान गाव. कालव्याकाठच्या या गावात फंग यांनी 1933 मध्ये मोठ्या हौसेनं घर बांधलं होतं. आता तिथे जळकी राख आहे. जपानी सैन्यानं गाव उद्ध्वस्त केलं आणि घराबरोबर पुस्तकंही गेली. कुटुंब आधीच निघून गेलं आहे आणि पुढची कित्येक वर्षं ते आतल्या प्रांतांतून फिरत राहणार आहे. त्या राखेवर उभं राहून विचार करा: याच माणसानं 1961 च्या ऑगस्टमध्ये जपानच्या सर्वांत नाजूक पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि चार वर्षं मनापासून त्याची सेवा केली. जपान म्हणजे जपानी सैन्य नव्हे, हे त्यांनी कुठे सांगत न बसता कामातून दाखवलं. मला या कामासमोर हात जोडावेसे वाटतात.

त्यांच्या मसुद्यावर टीका झाली, तीही साध्या माणसाकडून नव्हे. लेखक लू शुन यांचे धाकटे बंधू झोउ झुओरेन जपानीचे मोठे जाणकार होते, आणि तपासणीसाठी मजकूर त्यांच्याकडेही जात असे. फंग म्हणी-वाक्प्रचार फार वापरतात, जुन्या दरबाराची हवाच यात नाही, चहाच्या दुकानातल्या कथेकऱ्यासारखं वाटतं, असं त्यांचं मत पडलं. मत खोटं नाही. फंग खरोखरच जुन्या चिनी कादंबऱ्यांच्या थाटात कथा सुरू करतात आणि कवितांना तांग काळातल्यासारख्या पाच-पाच, सात-सात अक्षरांच्या ओळींत बसवतात. पण कथेकऱ्याच्या ढंगामुळेच हजार वर्षांपूर्वीच्या राण्या आणि दासी वाचकाच्या ओळखीच्या होतात, हे झोउ यांनी लक्षात घेतलं नाही असं मला वाटतं.

समुद्रधुनी ओलांडून तैपेईला या. 1973 चा एप्रिल. तिकडे शांघायमध्ये पहाटेचा दिवा अजून जळतो आहे, पण इथल्या कुणाला त्याचा पत्ता असणं शक्य नाही. तैवानात 1949 पासून लष्करी कायदा आहे, मुख्य भूमीवरची पुस्तकं येऊ शकत नाहीत, आणि जे पुस्तक छापलंच गेलेलं नाही त्याची वार्ता कुठून येणार? नॅशनल तैवान युनिव्हर्सिटीत चिनी साहित्य शिकवणाऱ्या लिन वन्युए यांच्या हाताशी 'चुंगवाय वन्श्युए' या मासिकाचा ताजा अंक आहे. त्यात त्यांच्या गेन्जीचा पहिला हप्ता आला आहे.

सुरुवात योगायोगानं झाली. आदल्या वर्षी क्योटोतल्या एका परिषदेत त्यांनी निबंध वाचला. विषय होता गेन्जीचं पहिलं प्रकरण आणि तांग कवी बाई जुई याचं यांग राणीच्या मृत्यूवरचं दीर्घकाव्य. परतल्यावर निबंध चिनीत केला आणि वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ते प्रकरणही भाषांतर करून जोडलं. वाचकांनी पुढचं मागितलं. आता दर महिन्याला हप्ता द्यायचा आहे, वर्ग घ्यायचे आहेत, घर आणि मुलं सांभाळायची आहेत. हप्ते 66 होणार, 1978 च्या डिसेंबरपर्यंत चालणार. परिषदेच्याच वर्षी, 1972 मध्ये, जपाननं तैवानशी राजनैतिक संबंध तोडले होते. जपानी पुस्तकाला उचलून धरण्याचा तो काळ नव्हे, आणि तरीही वाचक थांबले नाहीत.

लिन यांची भाषांची गोष्ट फंग यांच्यापेक्षा वेगळी. त्यांचा जन्म 1933 मध्ये शांघायच्याच जपानी वस्तीत, तैवानी आईवडिलांच्या पोटी झाला. शाळा जपानी होती. युद्ध संपलं आणि त्यांचं कुटुंब 1946 मध्ये तैवानला आलं. आता शाळेत चिनी! ज्या मुलीला बारा-तेराव्या वर्षी अभ्यासाची भाषाच बदलावी लागली, ती मोठेपणी त्या दोन भाषांच्या मधोमध टेबल मांडून बसली. त्यांच्या टेबलावर जपानी संहिता आणि टिपा आहेत, योसानो आणि तानिझाकी यांची आधुनिक रूपांतरं आहेत, आर्थर वेली यांचं इंग्रजीही आहे. एकेका वाक्यासाठी त्या सगळीकडे डोकावतात.

त्यांच्या कविता मोठ्यानं वाचून बघा. फंग यांच्यासारखी तांग वळणाची पद्यं लिन यांनी नाकारली आणि स्वतःची तीन ओळींची रचना घडवली. तिच्यात चू या जुन्या चिनी राज्याच्या प्राचीन गाण्यांमधलं उसाशासारखं अक्षर मधेच येतं आणि ओळीला श्वास घ्यायला लावतं. जपानी कवितेची एकतीस अक्षरं म्हणजे पुरी न केलेली एक लकेर असते. चार ओळींच्या पक्क्या घडणीत ती गुदमरते, लिन यांच्या तीन ओळींत ती मोकळी राहते. इथे माझा कौल निःसंशय लिन यांना.

आता हे सगळं जिथून निघालं तिथेही जाऊन येऊ. 1008, जपानची राजधानी हेइआन, सम्राज्ञी शोशीचा महाल. हिवाळ्यात कथेच्या सुंदर प्रती तयार होत आहेत. रंगीत कागद निवडले जात आहेत, नक्कल करणाऱ्यांना पानं वाटली जात आहेत, सम्राज्ञीचे वडील मिचिनागा कागद, कुंचले आणि शाई आणून देतात. हे सगळं बघणारी गेन्जीची लेखिका मुरासाकी शिकिबू तुमच्या शेजारीच आहे. लहानपणी भाऊ चिनी शिकत असताना ती नुसतं ऐकून त्याच्या पुढे गेली, तेव्हा वडील हळहळले की ही मुलगा म्हणून का जन्मली नाही. बाईनं चिनी जाणणं इथे शोभत नाही, म्हणून ती ते लपवते. पण माणसं आसपास नसताना ती सम्राज्ञीला बाई जुईच्या कविता शिकवते. हे तिनं स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. गेन्जीच्या पहिल्याच प्रकरणात लाडकी राणी गमावलेला सम्राट यांग राणीच्या कथेची चित्रं बघत बसतो. म्हणजे फंग आणि लिन यांच्या हातून चिनीत आलेलं पुस्तक मुळात चोरून शिकलेल्या चिनीवर पोसलेलं आहे.

फंग यांच्या घरच्यांच्या आठवणींतली एक गोष्ट इथे सांगते. क्रांतीच्या दिवसांत त्यांची दाढी कापली गेली, तेव्हा ते वैतागले नाहीत. वणव्यानंतर पुन्हा उगवणाऱ्या गवतावरची कविता त्यांनी म्हटली. तीही बाई जुईचीच.

15 सप्टेंबर 1975 ला फंग गेले. आपलं गेन्जी त्यांनी छापील पाहिलं नाही. मुलगी फंग यीयिन हिनं हस्तलिखितावर हात फिरवला आणि बीजिंगच्या त्याच प्रकाशनगृहानं 1980 ते 1983 मध्ये ते तीन खंडांत काढलं. पहाटेच्या त्या तीन कथा 1984 मध्ये आल्या. लिन यांचे पाच खंड तोवर तैपेईत निघालेही होते, 1974 ते 1978 मध्ये.

शेवटचा मुक्काम 2011, शांघायमधलं पुस्तकांचं कुठलंही मोठं दुकान. लिन यांचं गेन्जी आता मुख्य भूमीवर, सोप्या लिपीत निघालं आहे. ज्या शहरात त्या जन्मल्या तिथे ते फंग यांच्या खंडांच्या जवळ मांडलेलं आहे, आणि कुठलं चांगलं यावर वाचक हिरिरीनं भांडतात. दोन्ही हातात घ्या. वाड्यातल्या मत्सराच्या, कुजबुजीच्या, लांबलचक संसाराच्या पानांसाठी फंग उघडा, कारण गोष्ट कशी सांगावी हे त्यांना कळतं. कविता आली की लिन. आणि पहिलं प्रकरण मात्र दोघांचंही, एकामागून एक, पूर्ण वाचा. एकानं ते तरुणपणी पाठ केलं होतं आणि दुसरीच्या सहा वर्षांच्या कामाची सुरुवात तिथून झाली.